आखूड एरियल आणि लांब लहर



मध्यंतरी एका शाळेतल्या गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "माझ्या खिशातल्या फोनला एरियल म्हणून काही दिसत नाही, तरी तो बोलतो. मग पुराच्या दिवसांत तालुक्याला जी बिनतारी मंडळी आली होती, त्यांनी कचेरीच्या छपरापासून चिंचेपर्यंत वीस मीटर तार कशाला ताणली? एवढे शास्त्र पुढे गेले, तर ते एरियल काठीएवढे का झाले नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. काठीएवढे एरियल करता येते. एकच काठी निरनिराळ्या लहरींवर बोलतीही करता येते. पण निसर्ग त्याचे मोल घेतल्यावाचून राहत नाही. ते मोल कोणते आणि ते कुठे चुकते करावे लागते, हे आज आपण पाहू. कारण हे मोल ज्याला ठाऊक नाही, त्याचा निरोप ऐन गरजेच्या वेळी पोचत नाही.

आधी लहरीची लांबी समजून घेऊ. तळ्यात खडा टाकला की तरंग उठतात. एका तरंगाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. बिनतारी लहरीही अशाच पसरतात, मात्र त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. सेकंदाला किती तरंग उठतात त्या आकड्याला कंपनसंख्या म्हणतात. रेडिओ दुरुस्त करणारे तिला फ्रीक्वेन्सी म्हणतात. कंपने जितकी जास्त, तितकी लहर आखूड. हिशेब सोपा आहे. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. जुन्या मंडळींना मेगासायकल हा शब्द आठवत असेल, तोच हा मेगाहर्ट्झ.

आता फोन पाहा. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या फोनची लहर फक्त ३३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट लांबीची. तिचा चौथा हिस्सा आठ सेंटिमीटर. तो खिशात मावणारच! उलट ज्यांना आपण लघुलहरी म्हणतो, त्या ३ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या. त्यांची लांबी १०० मीटरपासून १० मीटरपर्यंत. नावाने 'लघु' खऱ्या, पण घराहून मोठ्या. मध्यम लहरींच्या मानाने त्या आखूड ठरल्या, म्हणून त्यांना हे नाव पडले इतकेच.

तुम्ही विचाराल, मग फोनच्याच आखूड लहरी सगळीकडे का वापरू नयेत? कारण त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात, म्हणून गावोगाव मनोरे उभारावे लागतात. मनोऱ्याची वीज गेली, केबल तुटली, की फोन मुका होतो. लघुलहरींना मनोऱ्यांची साखळी लागत नाही. जमिनीपासून सुमारे अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचा अतिविरळ थर सूर्याच्या तेजाने विद्युत्‌भारित झालेला असतो. लघुलहर त्या थरावर जाते आणि आरशावर पडलेल्या कवडशासारखी खाली वळते. २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला तेव्हा, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून, हौशी बिनतारी मंडळींनी याच आकाशातल्या आरशाच्या भरवशावर निरोप पोचवले.

पण हा आरसा सदा सारखा नसतो. दिवसा ऊन असते तेव्हा तो घट्ट असतो आणि उंच कंपनसंख्येच्या लहरीही परतवतो. त्याच वेळी त्याच्याखाली, साठ ते नव्वद किलोमीटरांवर आणखी एक थर तयार होतो, तो खालच्या कंपनसंख्येच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो आणि वरचा विरळ होतो. मग उंच कंपनसंख्येच्या लहरी आरपार निघून जातात, खालच्या मात्र दूरवर पोचू लागतात. म्हणून दुपारी १४ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याला रात्री ७ वर, कधी ३.५ वर उतरावे लागते. म्हणजे एकाच एरियलने अनेक लहरींवर काम करावे ही काही चैन नव्हे. दिवसरात्र संपर्क ठेवायचा तर ती गरजच आहे.

आता एरियलची लांबी कुठून आली ते पाहू. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण झोका देतो. झोपाळा परत येतो, त्याच क्षणी पुन्हा हलका हात लावला की झोका वाढत जातो. भलत्या वेळी हात लावला तर तो अडतो. तारेतली वीजही अशीच एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि परत येते. तार अर्ध्या लहरीइतकी असली, तर जाऊन परत यायला नेमका एका कंपनाइतका वेळ लागतो. प्रत्येक झोका वेळेवर बसतो, आणि थोड्या जोरात पुष्कळ वीज तारेत झुलू लागते. ती झुलणारी वीजच लहरी अवकाशात सोडते. ७ मेगाहर्ट्झला अशी तार सुमारे २० मीटर लागते, ३.५ ला सुमारे ४० मीटर, आणि १४ ला सुमारे १० मीटर. गुरुजींनी पाहिलेली वीस मीटर तार ती हीच.

पूर्वीच्या लोकांनी यावर सरळ तोड काढली होती. जागा घ्या, मनोरे बांधा, आणि ज्या लहरीला जेवढी तार लागते तेवढी टांगा. आपल्याच मुलखातले उदाहरण सांगतो. १९२७ साली पुण्याजवळ खडकी येथे विलायतेला लघुलहरींवरून तारसंदेश पाठवणारे केंद्र सुरू झाले. तिकडचे संदेश घेणारे केंद्र दौंडला होते. उंच मनोऱ्यांवरून तारांचे पडदेच्या पडदे सोडलेले आणि तोंड विलायतेकडे. ठरलेल्या लहरीसाठी ठरलेला पडदा. काम उत्तम होई, पण तो सारा कारभार गाडीत घालून पूरग्रस्त गावी नेता येत नाही.

मग तार आखूड कशी करायची? याचे उत्तर आपल्या भजनी मंडळात सापडेल. तंबोऱ्याच्या चारही तारांची लांबी जवळजवळ सारखीच असते. तरी खर्जाची तार खालचा सूर देते. कशामुळे? ती जाड आहे, जड आहे. लांबी न वाढवता तारेचे वजन वाढवले की तिचे कंपन मंदावते. एरियलमध्ये हेच काम तांब्याच्या तारेचे वेटोळे करते. रेडिओवाले त्याला कॉइल म्हणतात. काठीच्या बुडाशी किंवा मध्यावर कॉइल बसवली की विजेची ये-जा मंदावते, आणि अडीच मीटरची काठीसुद्धा ७ मेगाहर्ट्झच्या सुरात लागते. कॉइलचे वेढे कमीजास्त केले की सूर बदलतो. काही गाड्यांवरच्या एरियलमध्ये एक छोटी मोटर कॉइलला वरखाली सरकवते. चालक बटण दाबतो, कॉइलचे थोडे किंवा पुष्कळ वेढे कामात येतात, आणि एकच काठी अनेक लहरींना लागते.

इथे मोलाची पहिली बाब येते. जी वीज लहर होऊन बाहेर जाते, तिच्या मापाला किरणरोध म्हणू. तो ओहममध्ये मोजतात. पुऱ्या अर्ध्या लहरीच्या तारेला तो साधारण ७० ओहम असतो. अडीच मीटर काठीला ७ मेगाहर्ट्झवर तो उतरून सव्वा ओहमच्या आसपास येतो. कॉइलच्या तारेचा स्वतःचा रोध चार-पाच ओहम धरा, आणि जमिनीत जिरणारी वीज दहा ओहमांइतकी धरा. आता शंभर वॅट सोडले तर ते या तिघांत ज्याच्या त्याच्या रोधाप्रमाणे वाटले जातात. लहरीच्या वाट्याला येतात सुमारे आठ वॅट. उरलेले ब्याण्णव कॉइल तापवतात आणि जमीन तापवतात.

हे मोल थोडे कमी करता येते. कॉइल बुडापेक्षा मध्यावर ठेवली तर काठीच्या खालच्या भागात वीज जास्त खेळते. शेंड्याला तारांचे छत्रीसारखे चाक बसवले तर त्यानेही मदत होते. जमिनीवर चहूकडे तारा पसरल्या तर जमिनीत जिरणारी वीज घटते. पण आखूडपणाचा डाग पुरता पुसला जात नाही.

दुसरी युक्ती बासरीची. बासरीची नळी एकच, पण भोक उघडले की वारा तिथेच बाहेर पडतो आणि नळी जणू तिथेच संपते. भोक बंद केले की नळी पुन्हा लांब. तारेत अशी भोके पाडता येतात. एक कॉइल आणि एक कंडेन्सर शेजारी शेजारी जोडले की एका ठरावीक कंपनसंख्येला ती जोडी भिंतीसारखी उभी राहते, वीज पलीकडे जाऊ देत नाही. हिला ट्रॅप म्हणतात. त्याहून खालच्या कंपनसंख्येला तीच जोडी भिंत न राहता नुसत्या कॉइलसारखी वागते आणि तारेला वजन देते. म्हणजे दुहेरी फायदा झाला. १९५५ साली चेस्टर बुकॅनन या अमेरिकन हौशी बिनतारीवाल्याने या तत्त्वावरची तार प्रसिद्ध केली. मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मीटरवर ७ मेगाहर्ट्झचा ट्रॅप, आणि त्यापुढे तारेचे शेपूट. एकूण लांबी सुमारे ३३ मीटर. ७ ला ट्रॅपच्या आतली वीस मीटर तार तेवढी काम करते. ३.५ ला सगळी तार आणि ट्रॅपची कॉइल मिळून काम करतात, म्हणून ४० मीटरऐवजी ३३ पुरतात. वरच्या १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवरही ती लागावी, असे त्याने ट्रॅपचे माप निवडले. एक तार, पाच पट्टे, आणि हाताने काही बदलायला नको. हिच्यात वीज फार वाया जात नाही, कारण ती फारशी आखूड केलेली नाही. लोभ थोडा, म्हणून मोलही थोडे.

तिसरा प्रकार कड्याचा. तांब्याच्या नळीचे एक मीटर व्यासाचे कडे करायचे, एका जागी ते तोडून त्या दोन टोकांत फिरता कंडेन्सर बसवायचा. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला गँग म्हणतात, त्याच जातीचा, पण मजबूत. कडे म्हणजे एका वेढ्याची कॉइलच. गँग फिरवला की सूर बदलतो. कंपनसंख्या निम्मी करायची असेल तर कंडेन्सर चौपट करावा लागतो. अशा कड्याने ७ पासून २१ मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे जाता येते, आणि ते खिडकीत उभे राहू शकते.

हा जादूचा खेळ वाटेल, पण हिशेब पाहा. नळी २२ मिलिमीटर जाडीची असेल तर १४ मेगाहर्ट्झवर शंभरातले साठ-पासष्ट वॅट लहर होऊन जातात. छान! तेच कडे ७ वर आणले तर जेमतेम पंधरा. असे का? कारण कड्याचा किरणरोध कंपनसंख्येच्या चौथ्या घातात उतरतो. कंपनसंख्या निम्मी झाली की किरणरोध सोळावा हिस्सा होतो. त्यामुळे एकच कडे सगळ्या लहरींवर 'चालते' हे खरे, पण सगळीकडे सारखे चालत नाही.

आणि दुसरी बाब. हे कडे ७ मेगाहर्ट्झवर फक्त पाच किलोहर्ट्झच्या आसपास रुंदीचा पट्टा पकडते. एका माणसाचे बोलणे त्यात जेमतेम बसते. दहा किलोहर्ट्झ सरकले की पुन्हा गँग फिरवा. शिवाय शंभर वॅट सोडले असता त्या कंडेन्सरवर पाच हजार व्होल्टांहून जास्त दाब येतो. म्हणून बोलणे चालू असता कड्याला हात लावू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

चौथा मार्ग जुळणीच्या पेटीचा. प्रक्षेपक आणि तार यांच्यामध्ये ही पेटी असते, तिला ट्यूनर म्हणतात. आजच्या पेट्या आपोआप जुळतात. कशा ते वजनांवरून समजेल. १, २, ४ आणि ८ किलोची चार वजने तुमच्याकडे असली, तर १ पासून १५ किलोपर्यंत कुठलेही पुरे माप तोलता येते. पेटीत अशीच दुपटीदुपटीची सात कॉइल आणि सात कंडेन्सर असले, तर प्रत्येकी १२८ मापे मिळतात. दोन्ही मिळून सोळा हजारांहून जास्त जोडण्या होतात. पेटीतला छोटा गणकयंत्राचा तुकडा खटाखट त्या जोडून पाहतो आणि परत येणारी वीज जिथे सर्वांत कमी, तिथे थांबतो. काही क्षणांत काम होते.

पाचवा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. दुमडलेल्या तारेच्या मध्यावर मोठा रोधक बसवायचा. जी वीज लहर होत नाही ती तो रोधक गिळून टाकतो. मग कुठल्याही कंपनसंख्येला काही फिरवावेच लागत नाही. तार लांब असेल तर हे चालवून घेता येते, आणि घाईच्या कामात ते सोयीचेही पडते. पण तार आखूड करत गेलो की रोधकच जास्त जेवतो.

इथे, शेतकरी बंधूंनो, तुमच्या पाटाची गोष्ट सांगतो. प्रक्षेपकाजवळ एक मीटर असतो. एरियलकडे गेलेल्या विजेपैकी किती परत आली, ते तो दाखवतो. काहीच परत आली नाही की नवशिका खूश होतो, "एरियल झकास लागले!" पण विचार करा. विहिरीतून पाणी उपसून पाटात सोडले. ते विहिरीत परत आले नाही, एवढ्यावरून ते उसाला पोचले असे ठरते काय? वाटेत पाट झिरपला असेल, उंदरांच्या बिळांत गेले असेल. मीटर फक्त एवढेच सांगतो की पाणी परत आले नाही. ट्यूनर आखूड तारेला लांब करत नाही. तो फक्त पाणी विहिरीत परत येऊ देत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले ते फजितीनंतर. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही काही हौशी मंडळी कोकणात, घाटाच्या पायथ्याशी एका गावी सरावासाठी गेलो होतो. फोन बंद आहेत, रस्ता तुटला आहे असे समजून घाटावरच्या तालुक्याला निरोप द्यायचा. अंतर सरळ रेषेत सत्तर किलोमीटर. मी गाडीवर अडीच मीटरची कॉइलची काठी लावली. नवीकोरी, दिसायला देखणी. पेटी खटखटली, मीटरचा काटा शून्यावर आला. सरावाचा निरोप होता, सर्पदंशाच्या औषधाच्या वीस कुप्या पाठवा. मी तासभर हाका मारल्या. तालुक्याहून उत्तर नाही. गंमत म्हणजे राजस्थानातून एकाने क्षीण आवाजात विचारले, "आपण कोण बोलता?" शेवटी तालुक्याच्या माणसाने काहीतरी ऐकले, पण त्याला कळेना की कुप्या वीस की तीस.

शाळेचे गुरुजी हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "साहेब, लांब तार नाही का तुमच्याकडे? दोरी आणि झाड आमचे." तार गाडीत होती, मीच ती काढायचा आळस केला होता. शाळेच्या छपराचा कोपरा आणि समोरचा आंबा यांच्यामध्ये आम्ही दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार टांगली. उंची पुरती चार मीटरही नव्हती. पहिल्याच हाकेला तालुक्याचे उत्तर आले, "वीस कुप्या, बरोबर."

कारणे दोन. पहिले, शंभरातले आठ वॅट आणि त्याहून पुष्कळ जास्त, हा फरक. दुसरे, उभी काठी लहर क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच पाठवत नाही. ती लहर दूर जाऊन उतरली, म्हणून राजस्थानला ऐकू गेले. जवळच्या डोंगरापलीकडे लहर पोचवायची तर ती सरळ वर पाठवून वरून खाली पाडावी लागते. कमी उंचीवर आडवी टांगलेली तार नेमके हेच करते. सह्याद्रीसारख्या मुलखात, पन्नासपासून तीनशे किलोमीटरांच्या टापूत, ३ ते ७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान हा मार्ग फार भरवशाचा आहे. डोंगर कितीही उंच असला तरी आकाशापेक्षा उंच नसतो.

तो सराव होता म्हणून निभावले. खरा प्रसंग असता तर कुप्यांच्या आकड्यात कुणाचा तरी जीव होता. तेव्हापासून मीटरच्या काट्यावर मी विसंबत नाही. पलीकडच्याने 'ऐकू आले' म्हटले तरच एरियल लागले असे समजतो.

याचा अर्थ आखूड एरियल कुचकामाचे असा मुळीच नाही. चालत्या गाडीवर तार टांगता येत नाही. नावेत, गच्ची नसलेल्या घरात, दहा माणसांनी भरलेल्या खोलीत जे मावेल तेच उपयोगाचे. आठ वॅटसुद्धा मुकेपणापेक्षा बरे. फक्त आपण काय देऊन काय घेतले ते ठाऊक असावे. १९४७ साली हॅरल्ड व्हीलर आणि १९४८ साली एल. जे. चू या शास्त्रज्ञांनी हा व्यवहार गणिताने मांडून दाखवला. लहरीच्या मानाने एरियल फार आखूड झाले की बहुतेक शक्ती त्याच्याभोवतीच येरझारा घालते, प्रत्येक झोक्यात थोडीच सुटून जाते. म्हणून आकार लहान, पट्टा रुंद आणि वीज वाया न जाणे, या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. कड्याने रुंदी सोडली, रोधकाच्या तारेने वीज सोडली, खडकीच्या पडद्यांनी आटोपशीरपणा सोडला. कुणी तुम्हाला "हातभर लांबीचे, सगळ्या लहरींवर पुरा जोर देणारे" एरियल विकू लागला, तर त्याला विचारा, "बाबा रे, यातले तू काय सोडलेस?"

आता एक शंका उरते. मग घरातला ट्रान्झिस्टर दीड हाताच्या दांडीवर साऱ्या जगाच्या लघुलहरी कशा ऐकतो? ऐकण्याची गोष्ट वेगळी आहे. या लहरींच्या पट्ट्यात विजा-वादळांची खरखर आकाशातूनच येत असते. आखूड दांडीत आवाज कमी येतो, पण खरखरही त्याच प्रमाणात कमी येते. यंत्राने दोन्ही वाढवले की प्रमाण तेच राहते. धान्य आणि भुसा दोन्ही निम्मे झाले, तर पाखडायला काही अडचण येत नाही. बोलणाऱ्याचे मात्र तसे नाही. त्याचे वाटेत जे गेले ते गेले.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात दाखवता येईल. एखाद्या घरी लघुलहरींचा पट्टा असलेला ट्रान्झिस्टर असला तर तो मागून घ्या. आधी मध्यम लहरींवर एखादे केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका दिशेला आवाज मोठा, तिच्या काटकोनात अगदी क्षीण. आत एका काळ्या कांडीवर कॉइल गुंडाळलेली आहे आणि गँग तिला सूर लावतो. आपण सांगितलेल्या कड्याचेच ते धाकटे भावंड. मग लघुलहरींवर या आणि दांडीला पाच मीटर वेष्टन असलेली तार जोडा. आवाज वाढतो, पण खरखरही वाढते, हे मुलांना ऐकू द्या. आणि एक महिनाभर वहीत नोंद ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री कोणत्या मीटर-पट्ट्यावर केंद्रे जास्त ऐकू येतात? आकाशातल्या आरशाचा कारभार मुले स्वतःच्या कानांनी शिकतील.

सावधगिरी मात्र ठेवा. विजेच्या तारांच्या जवळून किंवा वरून एरियलची तार कधीही नेऊ नका. वळवाचे ढग दिसू लागले की तार ट्रान्झिस्टरपासून सोडवा. आणि ऐकायला नव्हे, तर बोलायला परवाना लागतो. केंद्र सरकारची हौशी बिनतारीची परीक्षा देऊन तो मिळवता येतो. शाळेतले गुरुजी आणि वरच्या वर्गातली मुले तिची तयारी करू शकतील. तालुक्यात असा एक जरी माणूस असला, आणि त्याच्या फडताळात वीस मीटर तारेची गुंडाळी असली, तरी मनोरे मुके होतील त्या दिवशी ती उपयोगी पडेल.

ज्यांनी प्रश्न विचारला त्या गुरुजींना माझे उत्तर इतकेच. काठी करता येते, आणि ती अनेक लहरींवर बोलतेही. पण शेजारी झाड असेल आणि निरोप महत्त्वाचा असेल, तर गुरुजी, तार ताणा.